प्रवाळावरचे चपटे किडे : आधी ओळखा, मग औषध काढा

तुमच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात जिवंत प्रवाळ आहेत. त्यातला एखादा गेल्या काही दिवसांत विनाकारण फिका पडू लागला असेल, तर हे वाचा. औषधाची बाटली उघडण्याआधी वाचा.

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी ज्यांनी रीफ टँकचा छंद घरात आणला आहे, त्यांच्यासाठी मी हे मुख्यतः लिहीत आहे. भारतातल्या वाचकांसाठीही पुढे दोन शब्द आहेत. ते जरूर वाचावेत, कारण इथे कायद्याचा प्रश्न येतो.

बहुतेक घरांत काय होतं ते सांगतो. प्रवाळाचा रंग उतरतो. आपण पाणी तपासतो. क्षार बरोबर, कॅल्शियम बरोबर, तापमान बरोबर. मग संशय दिव्यावर जातो. दिवा कमी करतो, नंतर जास्त करतो. प्रवाळाची जागा बदलतो. या सगळ्यात दोन-तीन आठवडे जातात. आणि तेवढ्या वेळात खाणारा किडा फांदीच्या सावलीत बसून खात राहतो, अंडी घालत राहतो.

म्हणून पाणी ठीक असूनही प्रवाळ खंगत असेल, तर दिव्याला हात लावण्याआधी किडा शोधा.

किडे एकाच जातीचे नसतात, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. टाकीत साधारण तीन तऱ्हेचे चपटे किडे त्रास देतात आणि तिघांचा इलाज वेगवेगळा आहे. काचेवर दिसणारे काही बारीक पांढुरके किडे तर कुणाच्याच वाटेला जात नाहीत. ते सूक्ष्म जीव खातात आणि आपलं आपण राहतात. त्यांच्यासाठी टाकीत विष ओतू नका.

सगळ्यात वाईट किडा म्हणजे ॲक्रोपोरा खाणारा. ॲक्रोपोरा म्हणजे फांद्याफांद्यांचा, हरणाच्या शिंगासारखा दिसणारा दगडी प्रवाळ. तुमच्या टाकीत बहुधा हाच सगळ्यात महागाचा असेल. या किड्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून छंदी लोक ‘एईएफडब्ल्यू’ म्हणतात. शास्त्रीय नाव त्याला २०११ साली मिळालं आणि आज तो प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी या नावाने ओळखला जातो. आधी तो लोकांच्या टाक्यांतच सापडला. समुद्रात, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, तो त्यानंतर दिसला.

हा दिसत का नाही, ते समजून घ्या. अंगाने तो पातळ आणि जवळजवळ पारदर्शक असतो. मोठा झाला तरी नखाएवढाच. प्रवाळाच्या पेशी खाल्ल्या की त्यांतलं रंगद्रव्य याच्या पोटात उतरतं. मग याचा रंग प्रवाळासारखाच दिसतो. शिवाय तो उजेडाच्या बाजूला बसत नाही. फांदीच्या खालच्या, सावलीच्या अंगाला चिकटून राहतो. तुम्ही समोरून काचेला नाक लावून तासभर बघितलंत तरी तो दिसणार नाही.

म्हणून किड्याला शोधू नका, त्याच्या खुणा शोधा.

पहिली खूण : फांदीवर छोटे, गोलसर, फिके ठिपके. हे चावे आहेत. एकेक ठिपका साधा वाटतो. शेजारी शेजारी बरेच दिसले तर संशय पक्का करा.

दुसरी खूण : प्रवाळाचे इवलेसे जीव, म्हणजे पॉलिप, दिवसा-रात्री केव्हाच नीट बाहेर येत नाहीत. आधी यायचे, आता येत नाहीत. हा फरक घरातल्या माणसालाच कळतो.

तिसरी खूण, आणि हीच खरी पुराव्याची : अंडी. प्रवाळाच्या बुडाशी, जिथे जिवंत कातडं संपून पांढरा सांगाडा उघडा पडलेला असतो, तिथे बघा. सोनेरी-तपकिरी रंगाचे बारीक दाणे एकमेकांना लागून ओळीने किंवा चकत्यांसारखे चिकटलेले दिसतील. मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक. भिंग हवं. अंडी जिवंत भागावर नसतात, उघड्या सांगाड्यावर असतात. असा एकेक दाणा म्हणजे अंड्यांचा कोश. एका कोशातून एकाहून जास्त पिल्लं निघतात.

खात्री करायची सोपी रीत आहे. टाकीचे पंप बंद करा. रबरी फुग्याची मोठी पिचकारी किंवा जाड पिपेट घ्या. टाकीचंच पाणी तिच्यात ओढा आणि फांद्यांच्या मधोमध, खालून वर, जोराने मारा. किडा असेल तर कागदाच्या कपट्यासारखा गिरक्या घेत बाहेर पडेल. कडा आत वळतील, मग पुन्हा उलगडतील. प्रवाळाचा सुटा चिकट पदार्थही असाच उडतो, पण तो आपणहून वळत नाही, सरपटत नाही. पडलेला कण काचेवर किंवा वाळूवर चालू लागला तर तो किडाच.

आता दुसऱ्या तऱ्हेचे किडे. हे लालसर तपकिरी, काही मिलिमीटर लांबीचे, आणि शेपटीकडे तीन टोकं असलेले. दिवे लागले की हे काचेवर, वाळूवर, खडकावर उजेडात येऊन बसतात. लपत नाहीत. छंदी लोक यांना ‘लाल प्लॅनेरिया’ म्हणतात. शास्त्रज्ञ आता यांना खऱ्या चपट्या कृमींच्या कुळात धरत नाहीत, पण आपल्या कामापुरतं ते राहू द्या.

हे प्रवाळ खात नाहीत. पाण्यातले बारीक जीव खातात. मग त्रास कसला? त्रास संख्येचा. यांना वाढायला जोडीदारही लागत नाही. मागच्या बाजूला कोंब फुटतो आणि त्याचा नवा किडा होतो. अन्न भरपूर मिळालं तर थोड्याच दिवसांत खडकावर गालिचा पसरतो. प्रवाळ त्याच्याखाली झाकला जातो आणि उजेडावाचून मरतो.

तिसरे म्हणजे गोल किंवा बदामी आकाराचे, गंजाच्या रंगाचे, टिकलीसारखे चपटे. शास्त्रीय नाव वामिनोआ. हे मश्रूम प्रवाळ, बबल प्रवाळ, लेदर प्रवाळ अशांच्या अंगावर सरकत असतात. प्रवाळाच्या अंगावरचा चिकट पदार्थ आणि त्याच्या तोंडचा घास हे खातात. पाच-दहा असतील तर प्रवाळ सोसतो. शेकडो झाले तर उपाशी पडतो. यांचा इलाज त्यातल्या त्यात सोपा : पिचकारीने उडवा, नळीने ओढून घ्या, आणि प्रवाळ सुटा असेल तर डिप द्या, म्हणजे औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढा. आठवड्याने पुन्हा बघा. एवढ्यावर भागतं.

लाल प्लॅनेरियाच्या बाबतीत मात्र सावध राहा. इथे घाईने टाकीच्या टाकी मेलेल्या आहेत.

कारण असं. या किड्याच्या अंगात विष असतं. एकटा मेला तर काही होत नाही. हजारो एकदम मेले की ते सगळं विष एकाच तासात पाण्यात सुटतं. मासे धापा टाकू लागतात. म्हणजे औषध बरोबर, मात्रा बरोबर, तरी मासे गेले, असं होतं. माशांना औषधाने मारलेलं नसतं. मेलेल्या किड्यांनी मारलेलं असतं.

म्हणून क्रम पाळा. आधी आठवडाभर रोज हाताने किडे कमी करा. हवेच्या पंपाची बारीक नळी घ्या, बादलीत सायफन लावा आणि जिथे दिसतील तिथून ओढून घ्या. माशांचं खाणं कमी करा. किडे निम्म्याहून खाली आले की मगच औषधाचा विचार करा. या किड्यांसाठी म्हणून विकलं जाणारं औषधच आणा. माणसांच्या किंवा गुरांच्या जंताच्या गोळ्या कुटून टाकीत घालू नका. कुणी कितीही छातीठोक सांगो, घालू नका.

औषधाच्या दिवशी तीन गोष्टी आधीच तयार हव्यात. एक, टाकीच्या निदान पाव ते निम्म्या पाण्याएवढं नवं खारं पाणी, त्याच तापमानाचं, त्याच क्षारतेचं. दोन, नवा कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, धुऊन ठेवलेला. तीन, घरात मोकळा असलेला माणूस, म्हणजे तुम्ही स्वतः. कामावर निघताना औषध घालून जाऊ नका. सुटीच्या दिवशी सकाळी घाला आणि समोर बसा. किडे मरून तरंगू लागले की नळीने ओढत राहा. बाटलीवर लिहिलेला वेळ झाला की पाणी बदला, कार्बन लावा, हवा जोरात सोडा. मासा धापा टाकताना दिसला तर वेळ पुरा व्हायची वाट बघू नका. लगेच पाणी बदला.

एकदा करून भागत नाही. उरलेला एखादा पुन्हा शंभर होतो. काही दिवसांनी, बाटलीवर सांगितल्याप्रमाणे, दुसरी फेरी घ्या. या वेळी किडे थोडे असतात, धोकाही कमी असतो.

आता परत ॲक्रोपोराकडे येतो. माझं खरं सांगणं त्याच्याबद्दल आहे.

ॲक्रोपोराच्या किड्यासाठी सबंध टाकीत औषध घालण्यावर विसंबू नका. प्रवाळ बाहेर काढून डिप द्यावाच लागतो. आणि डिपने किडा मरतो, अंडं मरत नाही. या एका गोष्टीवर बहुतेकांचा घात होतो. डिप दिला, वाडग्याच्या तळाशी मेलेले किडे बघितले, समाधान झालं, प्रवाळ परत टाकीत गेला. दोन आठवड्यांनी अंडी फुटली. महिन्या-दीड महिन्यात सगळं पूर्ववत.

ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठाच्या संशोधकांनी या किड्याचं सबंध जीवनचक्र तापमानानुसार मोजलं आणि २०१९ साली प्रसिद्ध केलं. त्यातले आकडे तुमच्या उपयोगाचे आहेत. पाणी २७ अंश सेल्सियस असेल तर अंडी फुटायला सरासरी ११ दिवस लागतात. अंड्यापासून पुन्हा अंडी घालण्यापर्यंतची एक पिढी कमीत कमी ३८ दिवसांत पुरी होते. पाणी २४ अंश असेल तर त्याच पिढीला ६४ दिवस लागतात. आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू ॲक्रोपोरा न मिळाल्यास फार तर ९ दिवस जगतं. पिल्लांना पोहताही येतं, म्हणून एका कॉलनीवरून, म्हणजे वाढलेल्या सबंध प्रवाळावरून, दुसऱ्या कॉलनीवर ती आपसूक जातात.

या आकड्यांचा अर्थ साधा आहे. एकदा डिप देऊन थांबायचं नाही. आजची अंडी फुटली की त्यांतून निघालेले किडे, ते स्वतः अंडी घालण्याइतके मोठे व्हायच्या आत, पुढच्या डिपमध्ये सापडले पाहिजेत. हे जमलं तर वंश तुटतो. एक फेरी चुकली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असेल तर आज त्यावर खुणा करा. २६-२७ अंशांच्या टाकीसाठी दर सात दिवसांनी एक डिप, असे सलग सहा आठवडे. पाणी २४ अंशांच्या आसपास असेल तर फेऱ्या आणखी तीन-चार आठवडे चालू ठेवा. वार ठरवा. शनिवार म्हणजे शनिवार. पाहुणे आले, गावाला जायचं झालं, तरी घरात कुणाला तरी शिकवून ठेवा. चांगल्यातलं चांगलं औषधही चुकलेल्या तारखेपुढे काही करू शकत नाही.

पाणी तापवून अंडी लवकर फोडावीत असा विचार मनात येईल. तो सोडा. तापलेल्या पाण्यात किड्याची अंडी जोमाने फुटतात आणि किडाही लवकर मोठा होतो. प्रवाळ मात्र उष्णतेने पांढरा पडतो.

डिप कसा द्यायचा, ते नीट सांगतो.

सहा गोष्टी जवळ ठेवा : तीन पांढरी वाडगी किंवा छोट्या बादल्या, पिचकारी, जुना मऊ टूथब्रश, टोकदार सुरी, भिंग आणि हातमोजे. वाडगी पांढरीच घ्या, म्हणजे पडलेला किडा दिसतो. आणि ही भांडी स्वयंपाकघरातली नकोत. यांच्यावर खूण करा, ती वेगळी ठेवा. परत ती वरण-भाताला वापरायची नाहीत.

तिन्ही वाडग्यांत टाकीचं पाणी घ्या. नळाचं नाही. पहिल्यात प्रवाळांसाठी म्हणून मिळणारं डिपचं औषध, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. काही औषधं आयोडीनची असतात, काही वनस्पतींच्या तेलांची. कोणतंही असलं तरी मात्रा आणि वेळ त्या बाटलीवरची पाळा. ‘थोडं जास्त घातलं तर लवकर मरतील’ हा हिशेब प्रवाळाच्या जिवावर येतो. संशय असेल तर आधी एका लहान तुकड्यावर करून बघा.

प्रवाळ पहिल्या वाडग्यात सोडला की नुसतं बघत बसू नका. पिचकारीने सतत फवारा मारा, सगळ्या बाजूंनी, विशेषतः फांद्यांच्या बगलांत. औषधाने किडा सैल होतो, फवाऱ्याने सुटतो. दोन्ही मिळून काम होतं. वेळ झाली की दुसऱ्या वाडग्यात धुवा, मग तिसऱ्यात. त्यानंतर टाकीत.

डिपचं पाणी टाकीत कधीही परत ओतायचं नाही, थेंबभरही नाही. त्यात औषध आहे आणि अर्धमेले किडेही आहेत.

पहिल्या डिपच्या दिवशी अंड्यांचं काम करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळा निकाल यावर आहे. प्रवाळाचं बूड भिंगाखाली धरा. अंडी दिसली की सुरीच्या टोकाने खरवडा, ब्रशने झाडा, धुवा, पुन्हा बघा. सांगाड्याच्या छिद्रांत, बुडाच्या कपारीत ती राहतातच. म्हणून मेलेला पांढरा भाग शक्य असेल तर कापूनच टाका. ज्या चकतीवर किंवा खुंटीवर प्रवाळ चिकटवलेला होता, ती फेकून द्या. नव्या चकतीवर लावा. लावताना जेलसारखा घट्ट सुपरग्लू जिवंत कातड्याच्या कडेपर्यंत फिरवा. राहिलेली अंडी त्याखाली बंद होतात आणि नवी घालायला उघडा सांगाडाही उरत नाही.

दर आठवड्याला असंच. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत किडे दिसले तर घाबरू नका. ते आधीच्या अंड्यांतले आहेत, अपेक्षितच आहेत. चौथ्या-पाचव्या फेरीत काही दिसलं नाही तरी थांबू नका. मी तर म्हणेन, वाडगं रिकामं दिसू लागतं तेव्हाच लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात.

मोठी कॉलनी खडकाला पक्की चिकटली असेल आणि निघत नसेल, तर कठोर व्हावं लागेल. वरच्या निरोगी फांद्या कापून घ्या. अंडी बुडाशी असतात, त्यामुळे टोकाचे तुकडे स्वच्छ असण्याची शक्यता जास्त. त्यांना नव्या चकत्यांवर लावा, डिप द्या, वेगळ्या टाकीत ठेवा. जुनं बूड सोडून द्या. वर्षानुवर्षं वाढवलेली कॉलनी तोडताना जीव तुटतो, हे मला कळतं. पण बूड वाचवायच्या नादात सगळ्याच फांद्या जातात. चार तुकडे वाचले तर कॉलनी परत होते.

वेगळी टाकी असेल तर आणखी एक वाट आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत चांगली. टाकीतले सगळे ॲक्रोपोरा, शेवटच्या तुकड्यापर्यंत, बाहेर काढून त्या वेगळ्या टाकीत न्या. आठवड्याचे डिप तिथेच चालू ठेवा. मुख्य टाकीत मासे आणि बाकीचे प्रवाळ राहू द्यात. या किड्याचं पोट ॲक्रोपोरावर चालतं. मुख्य टाकीत उरलेली अंडी फुटतील, पिल्लं निघतील आणि खायला काही नसल्याने मरतील. हिशेबाने ११ आणि ९ मिळून वीस दिवस होतात, पण सगळी अंडी सरासरीच्या दिवशीच फुटत नाहीत. म्हणून मी सहा ते आठ आठवडे सांगतो. पाणी थंड असेल तर आठच.

मासे आणि कोळंबीच्या मदतीने किडे आवरता येतात का, असं लोक विचारतात. काही अंशी येतात. सिक्सलाइन रॅस हा सहा पट्ट्यांचा चिमुकला मासा किडे टिपून खातो. लायस्माटा व्हिटाटा जातीची कोळंबी अंडीही खाते. जेम्स कुकच्याच संशोधकांनी या दोघांची चाचणी घेतली आहे. पण यांना राखणदार समजा, वैद्य समजू नका. कपारीतला किडा त्यांच्याही हाती लागत नाही. शिवाय सिक्सलाइन रॅस मोठा भांडकुदळ. टाकीत त्याच्यानंतर येणाऱ्या माशांना तो जगू देत नाही, म्हणून त्याला शेवटी आणा. लाल प्लॅनेरिया खाणारी एक निळी समुद्री गोगलगायही विकत मिळते, केलिडोन्युरा व्हेरियन्स नावाची. ती दुसरं काही खात नाही. किडे संपले की उपाशी मरते. किडे संपल्यावर ती पुढे कुणाला देता येईल, हे ठरवल्याशिवाय तिला घरी आणू नका.

घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेचं आता सांगतो. इथे थोडा वेळ थांबून वाचा.

शेतीचं किंवा बागेचं कीटकनाशक डिप म्हणून वापरणारे लोक तुम्हाला भेटतील. ‘फार चांगलं काम करतं’ असं ते सांगतील. किडे त्याने मरत असतीलही. पण ते औषध या कामासाठी बनवलेलं नाही. त्याचा अंश टाकीत गेला तर कोळंबी आणि खेकडे मरतात. आणि तुम्ही ते मिसळणार कुठे, तर घरात, मुलांच्या वावरात, ओल्या हातांनी. माझा सल्ला : आणू नका. प्रवाळांसाठी बनवलेली औषधं मिळत असताना हा धोका घ्यायचं काही कारण नाही.

त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. किडे झालेला खडक उकळून काढावा, असं पुष्कळांच्या मनात येतं. आपल्याकडे बाटल्या उकळतात, भांडी उकळतात, तसा खडकही उकळावा. असं कधीही करू नका. अशा खडकांवर बऱ्याचदा झोअँथिड नावाचे बटणासारखे छोटे प्रवाळ असतात. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. खडक उकळला किंवा गरम पाणी ओतून घासला की ते विष वाफेबरोबर घरभर पसरतं. सबंध कुटुंबं, घरातली कुत्रीसुद्धा, यामुळे रुग्णालयात गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

झोअँथिड कापताना, घासतानाही हातमोजे आणि चष्मा घाला. हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम नको. काम झालं की हात साबणाने धुवा, आणि त्याआधी डोळ्याला, तोंडाला लावू नका. तोंडाला कडू किंवा धातूसारखी चव आली, थंडी-ताप वाटला, खोकला लागला, छाती भरून आली, तर सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा आणि डॉक्टरकडे जा. ‘प्रवाळाचं पॅलिटॉक्सिन’ हे शब्द डॉक्टरांना आपणहून सांगा. रोजच्या सरावात हे दिसत नाही, त्यामुळे तुम्ही सांगितलं नाही तर कारण सापडायला वेळ लागतो.

औषधं मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. फ्रिजमध्ये खाण्याच्या जिनसांशेजारी नको. कापलेले तुकडे, जुन्या चकत्या, खरवडलेली अंडी पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. समुद्रात, खाडीत, तळ्यात यातलं काहीही सोडू नका, समुद्र दारात असला तरी.

भारतातल्या वाचकांना आता स्पष्ट सांगतो. आपल्याकडे सगळे दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. ते समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे पाण्यात उतरलात तर प्रवाळ डोळे भरून बघा. हात लावू नका, पाय ठेवू नका, तुकडा उचलू नका. ‘आपोआप तुटून पडलेला होता’ हे उत्तर चालत नाही. एखादा दुकानदार ‘काही होत नाही, घ्या’ म्हणाला तरी घेऊ नका. अडकाल ते तुम्ही.

परदेशातून सुटीवर येणाऱ्यांनीही मित्रासाठी म्हणून पिशवीतून तुकडा आणू नये. दगडी प्रवाळांचा देशादेशांतला व्यवहार सायटीस या आंतरराष्ट्रीय करारात येतो. परवान्याशिवाय तो नेता-आणता येत नाही.

हे किडे टाकीत मुळात येतातच कसे? आपणहून येत नाहीत. नव्या तुकड्याबरोबर आपणच त्यांना आणतो. दुकानातून आणलेला असो, मित्राने प्रेमाने दिलेला असो. शेजारणीने मोगऱ्याची फांदी द्यावी तितक्या सहज आपले लोक फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचे तुकडे, देतात-घेतात. ही देवाणघेवाण छान आहे, ती चालू राहावी. फक्त घरात आलेला तुकडा थेट मोठ्या टाकीत जाऊ नये.

यासाठी मोठा खर्च नाही. एक छोटी टाकी, लहानसा हीटर, एक पंप, साधा दिवा, एवढं पुरे. तळाला वाळू नको, खडक नको, म्हणजे पडलेलं दिसतं. नवा तुकडा आला की पहिल्याच दिवशी डिप द्या, त्याची जुनी चकती काढून टाका, बूड भिंगाने तपासा. मग तो वेगळ्या टाकीत सहा आठवडे राहू द्या आणि दर आठवड्याला बघा. दोन टाक्यांची जाळी, नळी, पिचकारी वेगवेगळी ठेवा. ओला हातही एकीतून थेट दुसरीत घालू नका.

सहा आठवडे फार वाटतात, हे खरं. रंगीत तुकडा हाती आला की कधी एकदा मोठ्या टाकीत लावतो असं होतं. मुलंही मागे लागतात. त्यांना भिंग हातात द्या आणि बूड तपासायला बसवा. मुलांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात.

आणि तुमच्या टाकीत किडा सापडला असेल, तर गेल्या काही महिन्यांत ज्यांना ज्यांना तुम्ही तुकडा दिलात त्यांना आजच फोन करा. संकोच करू नका. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, चांगल्या-चांगल्या टाक्यांत हा किडा निघालेला आहे. त्यांना सांगा, ‘माझ्याकडे किडा निघालाय, तुमचं बूड बघून घ्या.’ त्यांच्याकडे अजून दोन-चारच असतील तर तुमच्या एका फोनने त्यांची सगळी टाकी वाचेल. तुमच्या डिपच्या फेऱ्या पुऱ्या होऊन वाडगं सलग स्वच्छ दिसेपर्यंत कुणालाही, अगदी हट्टाने मागितला तरी, तुकडा देऊ नका.